करारातील पाच शब्द

परदेशांशी होणाऱ्या व्यापारी करारांचा कामगाराशी संबंध काय, असे सभेत कोणीतरी उठून विचारतोच. आमचे शाळेतील शिक्षण अर्धवट राहिले; करार वाचावयास आम्ही शिकलो ते कारखान्याच्या दारात. एका वेतनकरारात ‘शक्य तितक्या लवकर’ एवढे शब्द आम्ही गाफीलपणे राहू दिले आणि थकबाकी हातात पडावयास दोन वर्षे लागली. चूक आमचीच होती. तेव्हापासून कलमाच्या कोपऱ्यात बसलेल्या शब्दांकडे आम्ही आधी पाहतो.

ग्वाटेमाला हा मध्य अमेरिकेतील लहानसा देश. त्या भागातील देशांनी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांशी २००४ मध्ये मुक्त व्यापाराचा करार केला. ग्वाटेमालास तो २००६ पासून लागू झाला. त्यात कामगारांसाठी एक प्रकरण आहे. आपले कामगार कायदे अमलात आणण्यात कोणत्याही देशाने सतत किंवा वारंवार कसूर करू नये, ‘व्यापारावर परिणाम होईल अशा रीतीने’, असे ते म्हणते. हे शेवटचे पाच शब्द वाचताना कोणाला खुपत नाहीत.

एप्रिल २००८ मध्ये ग्वाटेमालातील सहा संघटनांनी अमेरिकन कामगार महासंघाच्या साथीने तक्रार केली. संघटना बांधली म्हणून कामगारांना काढले. कोर्टाने परत घ्या म्हटले. मालकांनी घेतले नाही आणि सरकार स्वस्थ बसले. तक्रारीत खुनाचीही हकीकत होती; ती पंचांपुढे गेलीच नाही. अशा करारात कामगाराला स्वतः दाद मागता येत नाही. त्याच्या नावाने दुसऱ्या देशाचे सरकार भांडते, आणि काय मांडावयाचे ते तेच ठरवते.

निकाल आला जून २०१७ मध्ये, म्हणजे नऊ वर्षांनी! आठ ठिकाणी ७४ कामगारांच्या बाबतीत कोर्टाचे हुकूम अमलात आले नाहीत, हे पंचांनी मान्य केले. तरीही ग्वाटेमाला जिंकला. या कसुरीमुळे मालकाला व्यापारात स्पर्धेचा फायदा मिळाला, हे सिद्ध व्हावयास हवे होते. एका मालकाबाबत ते सिद्धही झाले; परंतु एकदा म्हणजे वारंवार नव्हे. बंदरावर जहाज भरणाऱ्या हमालाने आपल्या मालकाच्या हिशेबवह्या आणावयाच्या तरी कोठून?

आपल्याकडे या विषयाबद्दल जुनी शंका आहे, आणि ती खोटी नाही. १९९६ मध्ये सिंगापूरच्या परिषदेत व्यापाराला श्रमाच्या अटी जोडण्यास भारताने विरोध केला. येथील अनेक कामगार संघटनांचेही मत तेच होते. कामगाराचे नाव पुढे करून श्रीमंत देश आपला माल अडवतील, ही धास्ती आम्हांस आजही वाटते. ग्वाटेमालात मात्र माल अडला नाही. अडला तो कामगार.

अमेरिका, मेक्सिको व कॅनडा यांचा नवा करार १ जुलै २०२० रोजी अमलात आला. तत्पूर्वी, डिसेंबर २०१९ मध्ये, अमेरिकन प्रतिनिधिगृहातील सभासदांनी मंजुरी अडवून धरल्यामुळे त्यात दुरुस्ती झाली. कसुरीचा व्यापारावर परिणाम होतो असेच पंचांनी धरून चालावयाचे. होत नाही, हे प्रतिपक्षाने दाखवावे. शब्द तेच राहिले, ओझे तेवढे दुसऱ्याच्या खांद्यावर गेले.

भारताने स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड व लिख्टेनस्टाइन यांच्याशी १० मार्च २०२४ रोजी करार केला. १ ऑक्टोबर २०२५ पासून तो लागू आहे. श्रमाविषयीचे कलम त्यातही आहे. वाद झाल्यास आपसांत चर्चा करता येते, प्रकरण पंचांकडे नेता येत नाही. आम्हांस हे वाचावयास मिळाले ते सह्या झाल्यानंतर.