कोरफडीचा ज्यूस? जरा थांबा, बॉस!

ऑफिसमध्ये हल्ली चहाऐवजी कोरफडीच्या ज्यूसचं कौतुक चालतं. 'अँटिऑक्सिडंट आहे गं!' मी उमेळ्याची, अंगणात कोरफडीचं बेट. त्यामुळे 'अख्खं पान मिक्सरला लाव' हा सल्ला मला रोज फुकट!

दावा अगदीच हवेतला नाही. मद्रास विद्यापीठाच्या संशोधकांनी मधुमेही उंदरांना 21 दिवस कोरफडीच्या गराचा अर्क दिला. 2005 साली छापलेला निष्कर्ष असा : यकृत आणि मूत्रपिंडातला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, म्हणजे फ्री रॅडिकल्समुळे पेशींची होणारी हानी, कमी झाली.

पण तो नुसता गर होता. सालीखाली पिवळा, कडू चीकही असतो. अमेरिकेत उंदरांना दोन वर्षं पाण्यातून अख्ख्या पानाचा अर्क दिला, तर मोठ्या आतड्यात कॅन्सरच्या गाठी झाल्या. हा सरकारी अहवाल 2013 चा. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने हा अर्क 'माणसात कॅन्सर होण्याची शक्यता' असलेल्या गटात टाकला.

गंमत बघा, उंदरांचा फायदा आपण लगेच स्वतःला लावतो. धोका मात्र त्यांचा त्यांनाच!

पान कापलंच, तर चीक गळू द्या, साल काढा, गर नीट धुवा. डायबिटिसच्या गोळ्या चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा.