गुडघ्याखाली स्नायू नाही

माझ्या लहानपणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी टांग्यांचा अड्डा होता. तिथले एक चाचा घोडा जुंपण्यापूर्वी त्याच्या चारही पायांवरून, गुडघ्याखाली तळहात फिरवत. विचारलं तर म्हणत, "गरम तर नाही ना, बघतो." मला ती माया वाटे. त्यातलं शास्त्र कळायला पन्नाशी उजाडली.

घोड्याच्या पुढच्या पायाचा गुडघा आपण ज्याला म्हणतो, ते खरं तर मनगट. खालची लांब नळी म्हणजे तळहाताचं हाड आणि खूर म्हणजे मधल्या बोटाचं नख. मागचा उलटा भासणारा गुडघा म्हणजे घोटा. या सांध्यांखाली मांसल स्नायू जवळजवळ नसतातच. हाड, दोरखंडासारख्या कंडरा आणि वर कातडी. स्नायूंचं वजन सगळं खांद्यांत, मांड्यांत, पुठ्ठ्यांत. म्हणून हलका पाय झपाट्याने पुढे फेकता येतो.

पुढे रेटण्याचं मुख्य काम पुठ्ठे आणि मांड्या करतात. उभ्या घोड्याचा सुमारे ६० टक्के भार मात्र पुढच्या पायांवर असतो, आणि हे पाय धडाला हाडाने जोडलेलेच नाहीत. आपल्यासारखं गळपट्टीचं हाड घोड्याला नाही. त्याची छाती दोन खांद्यांमध्ये स्नायूंच्या झोळीत टांगलेली असते.

खूर टेकला की भाराने कंडरा ताणतात. पाय उचलताना आखडून ती ताकद परत देतात. तेवढे स्नायूंचे श्रम वाचतात. भीमथडीच्या चिवट तट्टांनी मराठी फौजा दूरवर नेल्या. त्यांच्या बळाचं कौतुक करताना आपल्याला छाती आणि पुठ्ठे दिसतात, या कंडरा दिसत नाहीत.

या काटकसरीची किंमत आहे. प्रत्येक ताणातली थोडी ऊर्जा उष्णता होऊन कंडरेतच राहते. तिथे रक्तपुरवठा बेताचा, त्यामुळे दुखापत सावकाश भरते आणि भरलेली जागा पूर्वीसारखी लवचीक राहत नाही. अशा इजेची पहिली खूण पुष्कळदा हाताला लागणारी ऊब हीच असते.

पुण्यात जुलै ते ऑक्टोबर शर्यतींचा मोसम. अशा सकाळी रेसकोर्सच्या बाजूने जाताना माझी नजर आता घोड्यांच्या नळ्यांवर जाते, आणि एक दिवस आठवतो. ऐन लग्नसराईत सवारी दारात उभी असताना चाचांनी हात फिरवला आणि जुंपायला आणलेला घोडा परत बांधला. दिवसाची कमाई गेली. आम्ही पोरं हसलो होतो.