सीएनसी मशीनवर नवा प्रोग्राम पहिल्यांदा चालवताना काय बघायचं? पॉइंटपासून ऑफसेटपर्यंत

मानपाडा म्हटलं की ठाणेकराला घोडबंदर रोड आठवतो आणि डोंबिवलीकराला कल्याण-शीळ रस्ता. दोन्ही मानपाड्यांच्या आसपास एक गोष्ट मात्र सारखी आहे, ती म्हणजे मशीन शॉप. ठाण्यात वागळे इस्टेट आहे. एमआयडीसीची स्थापना १ ऑगस्ट १९६२ ला झाली आणि वागळे इस्टेट तिच्या सगळ्यात जुन्या वसाहतींपैकी एक. डोंबिवलीची एमआयडीसी बातम्यांत येते ती केमिकल कंपन्यांमुळे, पण तिथल्या गाळ्यांमध्ये जॉबवर्क करणारी लेथ आणि सीएनसी मशीनंही आहेत. आयटीआयमधून टर्नर किंवा मशिनिस्ट होऊन बाहेर पडलेली बरीच मुलं पहिली नोकरी अशाच गाळ्यात करतात.

तिथे सुरुवातीला तुमच्याकडे फक्त जॉब लावणं आणि काढणं असतं. मग एक दिवस सेटर सुट्टीवर असतो आणि नवा प्रोग्राम चालवायची वेळ तुमच्यावर येते. आजचा लेख त्या दिवसासाठी आहे. (कोड इथे देवनागरीत लिहिले आहेत, मशीनवर अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाकायचे. उदाहरणं फॅनक पद्धतीच्या कंट्रोलची आहेत. सीमेन्सवर काही गोष्टी वेगळ्या असतात.)

एक पॉइंट राहिला तर काय होतं?

व्हीएमसीवर टूल जॉबच्या वर १०० मिलिमीटर उचलायचं आहे म्हणून तुम्ही लिहिलं:

जी०० झेड१००

तुमच्या डोक्यात शंभर मिलिमीटर. पण बऱ्याच कंट्रोलवर आकड्यापुढे दशांश चिन्ह नसेल तर मशीन तो आकडा मायक्रॉनमध्ये धरतं. म्हणजे १०० मायक्रॉन, ०.१ मिलिमीटर! टूल जॉबला जवळजवळ चिकटून थांबतं आणि पुढच्या ओळीत एक्स-वायमध्ये रॅपिडने सुटतं. वाटेत क्लॅम्प असतो. पुढचं सांगायला नको.

बरोबर ओळ अशी: जी०० झेड१००.० किंवा नुसतं झेड१००. म्हणजे शेवटी टिंब हवंच. काही मशीनवर पॅरामीटर बदलून ही अडचण काढलेली असते आणि तिथे शंभर म्हणजे शंभरच. म्हणून तर गोंधळ होतो. एका मशीनवर पॉइंट न देता चालायची सवय लागते आणि दुसऱ्या मशीनवर टूल तुटतं. सवय एकच ठेवा, प्रत्येक मापाला पॉइंट.

"गडबड दिसली तर बटण दाबू की" असं वाटत असेल तर हिशेब करून बघा. रॅपिड मिनिटाला २४ मीटर असेल तर टूल सेकंदाला ४०० मिलिमीटर जातं. तुम्हाला दिसून, कळून, बोट हलायला पाव सेकंद जरी लागला तरी टूल १०० मिलिमीटर पुढे गेलेलं असतं. त्यामुळे नव्या प्रोग्रामला रॅपिड ओव्हरराइड सगळ्यात खाली, सिंगल ब्लॉक चालू आणि अंगठा फीड होल्डवर.

स्क्रीनवरचा सगळ्यात कामाचा आकडा

पोझिशनच्या पानावर 'डिस्टन्स टू गो' म्हणून एक रकाना असतो. चालू ओळीत टूलला अजून किती जायचं आहे ते तो सांगतो. नवी मुलं ॲब्सोल्यूट बघत बसतात आणि हा रकाना सोडून देतात. माझ्या मते पहिल्या रनला बघायचा आकडा हाच.

टूल झेडमध्ये खाली येताना मध्येच फीड होल्ड दाबा. रकाना म्हणतो अजून ३८ मिलिमीटर खाली जायचंय आणि डोळ्यांना जॉबपर्यंतची जागा वीसच दिसते? मग कुठेतरी चूक आहे. स्पिंडल बंद करा, स्टीलची पट्टी लावून मोजा, ऑफसेट तपासा. प्रत्येक नव्या टूलच्या पहिल्या ॲप्रोचला हे करायचं. दहा सेकंदांचं काम आहे.

व्हीएमसीवर अशी चूक बहुतेक वेळा टूल नंबर आणि एच नंबरच्या फरकामुळे निघते. स्पिंडलला टी०५ लागलंय आणि ओळीत जी४३ एच०६ राहिलंय, कारण प्रोग्राम जुन्या जॉबवरून कॉपी केला. सहा नंबरचं ड्रिल लांब आणि पाच नंबरचं फेस मिल आखूड, किंवा उलट. एका बाबतीत टूल हवेतच फिरतं, दुसऱ्यात जॉबमध्ये घुसतं. टी आणि एच नंबर नेहमी एकच ठेवायचे, ही पद्धत शॉपमध्ये कुणी मोडत असेल तर त्याचं ऐकू नका.

लेथवर जी९६ आणि चकची भीती

सीएनसी लेथवर जी९६ म्हणजे कटिंग स्पीड कायम ठेव. समजा जी९६ एस१८०, म्हणजे मिनिटाला १८० मीटर. जॉबचा व्यास कमी होईल तसा मशीन आरपीएम वाढवत नेतं. सूत्र सोपं आहे: आरपीएम = १००० × कटिंग स्पीड ÷ (३.१४ × व्यास).

५० मिलिमीटर व्यासावर हे येतं साधारण ११४६. वीसवर २८६५. दहावर थेट ५७३०. आणि फेसिंग करताना टूल मध्यभागी जातं तेव्हा व्यास शून्य होतो, म्हणजे मशीन आपल्या कमाल वेगाकडे धावतं.

आता चक आठवा. वेग वाढला की जॉ बाहेरच्या बाजूला फेकले जायला बघतात आणि पकड ढिली होते. जॉब लांब असेल, कास्टिंग वेडंवाकडं असेल किंवा पकड दहाच मिलिमीटरची असेल, तर तो चकमधून निसटू शकतो. समोरच्या दाराची काच म्हणजे चिलखत नव्हे. म्हणून जी९६ च्या आधी ही ओळ हवीच:

जी५० एस२०००

म्हणजे काहीही झालं तरी २००० च्या वर जायचं नाही. आकडा किती ठेवायचा हे चक, जॉब आणि पकड बघून ठरतं. चकवर कमाल आरपीएम कोरलेला असतो, तो वाचा. पण तो आकडा बॅलन्स असलेल्या, नीट धरलेल्या जॉबसाठी असतो, हेही लक्षात ठेवा.

आणखी एक. ड्रिलिंग आणि थ्रेडिंगला जी९६ नाही, जी९७ वापरायचा. ड्रिल एक्स शून्यावर असतं, तिथे जी९६ तसाच राहिला तर काय होईल ते वर आलंच आहे.

माप चार शतांश जास्त आलं, आता?

लेथवर एक्स व्यासात मोजतात. हवंय २५.०० आणि आलं २५.०४. ऑफसेटच्या वेअर पानावर त्या टूलच्या एक्समध्ये -०.०४ टाकायचं आणि 'प्लस इनपुट' दाबायचं. बोअर असेल आणि २५ च्या जागी २४.९६ आलं तर +०.०४. पाठ करायची गोष्ट एवढीच: व्यास वाढवायचा तर प्लस, कमी करायचा तर मायनस, मग बाहेरचा असो की आतला.

दोन ठिकाणी लोक घसरतात. 'इनपुट' दाबलं तर जुना आकडा पुसून नवा बसतो, 'प्लस इनपुट'ने त्यात मिळवला जातो. आधीचं करेक्शन -०.१२ असेल आणि तुम्ही साधं इनपुट दाबलंत तर ते गायब. दुसरं, ०.०४ च्या जागी ०.४. बटण दाबण्याआधी आकडा ओठातल्या ओठात वाचायचा. आणि मोजण्याआधी जॉब पुसा, गरम असेल तर थंड होऊ द्या. उन्हाळ्यात दुपारी मशीनमधून काढलेला जॉब सकाळच्या जॉबएवढाच मोजला जाईल या भरवशावर ऑफसेट बदलू नका.

मोबाइलचा उपयोग, मोबाइलचा धोका

आरपीएम काढायला कॅल्क्युलेटर आहे. प्रोग्रामचा मार्ग बघायला एनसी व्ह्यूअरसारखी साधनं ब्राउझरवर चालतात. चुकलेला आर्क, उलटं चिन्ह यात पटकन दिसतं. पण तुमचा क्लॅम्प कुठे आहे आणि ऑफसेट काय आहे, हे त्या चित्राला माहीत नसतं.

सगळ्यात चांगला उपयोग म्हणजे कॅमेरा. ऑफसेट बदलण्याआधी पानाचा फोटो काढा. सेटिंग नीट बसली की जॉब कसा धरलाय त्याचाही. मात्र ड्रॉइंग ग्राहकाचं असतं. मालकाला विचारल्याशिवाय ते ग्रुपवर टाकायचं नाही.

हल्ली चॅटबॉटला सांगून प्रोग्राम लिहून घेणारेही भेटतात. तो प्रोग्राम दिसतो छान. अडचण अशी की एकच कोड दोन मशीनवर दोन अर्थांचा असतो. व्हीएमसीवर जी९० म्हणजे ॲब्सोल्यूट मापं. फॅनकच्या अनेक लेथवर तोच जी९० म्हणजे टर्निंगची सायकल! तिथे एक्स-झेड ॲब्सोल्यूट आणि यू-डब्ल्यू इन्क्रिमेंटल असतात. त्यामुळे कुठूनही आलेला प्रोग्राम आधी आपल्या मशीनच्या मॅन्युअलशी ताडून बघा, ओळ न ओळ.

इअरफोन कानात घालून मशीनसमोर उभं राहू नका. वायर हे एक कारण झालं. दुसरं म्हणजे इन्सर्ट तुटायला आला की आधी आवाज बदलतो, तो ऐकू यायला हवा. फिरत्या स्पिंडलजवळ हातमोजे नकोत आणि लांब चिप हाताने ओढायची नाही, हुक वापरायचा.

मध्येच लाइट गेली तर?

प्रोग्राम थांबला तिथूनच सायकल स्टार्ट देऊ नका. स्पिंडलचा वेग, ऑफसेट, कुलंट हे सगळं आधीच्या ओळींत सांगितलेलं असतं, आणि मधूनच सुरुवात केली की मशीनला ते माहीत नसतं. टूल सावकाश बाहेर काढा, गरज असेल तर होम करा आणि त्या टूलच्या पहिल्या ओळीपासून सुरू करा.

स्क्रीनच्या कोपऱ्यात 'बॅट' असं लुकलुकत असेल तर त्याच दिवशी सांगा. प्रोग्राम, ऑफसेट आणि पॅरामीटर ज्या मेमरीत असतात तिला बंद मशीनमध्ये ही बॅटरीच सांभाळते. ती बदलायची कंट्रोल चालू ठेवून. मशीन बंद करून जुनी बॅटरी काढून ठेवली आणि नवी आणायला गेलात, तर परत येईपर्यंत मेमरी रिकामी झालेली असू शकते. त्याआधी प्रोग्राम आणि पॅरामीटरचा बॅकअप कार्डवर घेऊन ठेवा. यासाठी मोबाइलमधले फोटो पुरत नाहीत.