एक नोंद बदलते तेव्हा

मराठी विकिपीडियावरचा एखादा चरित्रलेख उघडा. बाजूच्या माहितीचौकटीत जन्मतारीख, व्यवसाय, पुरस्कार ओळीने मांडलेले दिसतात. आता त्याच लेखाचे संपादन उघडा. पुष्कळदा तिथे यातले काहीच नसते, असते फक्त एका साच्याचे नाव. चौकटीतला मजकूर येतो विकिडेटावरून. २९ ऑक्टोबर २०१२ रोजी सुरू झालेल्या या माहितीसाठ्यात प्रत्येक गोष्टीला क्रमांक आहे: मुंबई क्यू११५६, मराठी भाषा क्यू१५७१. जन्मतारीख, लोकसंख्या अशा गुणधर्मांनाही क्रमांक आहेत. तिथे एकदा नोंद झाली की कोणत्याही भाषेतला विकिपीडिया ती आपल्या पानावर आणू शकतो.

या चौकटींत अधूनमधून इंग्रजी नावे दिसतात, कारण त्या गोष्टीचे मराठी नाव विकिडेटावर कोणी घातलेले नसते. ती नावे भरणे हे माझे आवडते काम. एखाद्या संस्थेचे मराठी नाव जतन करून लेखाकडे परतावे, तर चौकटीत अजून इंग्रजीच असते. थोड्या वेळाने पान पुन्हा उघडले की तिथे मराठी नाव आलेले असते. मधल्या वेळात लेखाला कोणीही हात लावलेला नसतो.

मग घडते काय? प्रत्येक वाचकासाठी पान नव्याने रचणे सर्व्हरला परवडत नाही. एका चौकटीसाठीसुद्धा अनेक नोंदी धुंडाळाव्या लागतात. म्हणून एकदा तयार झालेले पान साठवून ठेवतात. हीच कॅश. अडचण एवढीच, की मूळ नोंद बदलल्याचे या साठवलेल्या प्रतीला आपोआप कळत नाही.

एक उपाय ठरावीक वेळाने विचारपूस करण्याचा. गूगल शीट्समधले इम्पोर्टरेंज हेच करते: फाइल उघडी असेल तोवर दर तासाला मूळ फाइलमध्ये काही बदलले का ते बघते. लाखो पानांच्या ज्ञानकोशात मात्र बहुतेक फेऱ्या फुकट जातील. म्हणून विकिडेटाची व्यवस्था वाण्याच्या उधारीच्या वहीसारखी आहे. कोणत्या पानाने कोणत्या नोंदीतले काय घेतले, हे तिच्यात टिपलेले असते, तेही बारकाईने: या पानाने फक्त मराठी नाव घेतले, त्याने फक्त लोकसंख्या. मी मराठी नाव बदलले, तर तेवढे नाव वापरणारी पानेच शोधली जातात. त्यांच्यासाठीची कामे रांगेत लागतात, पाळी येताच जुनी प्रत बाद ठरते आणि पान पुन्हा मागितले गेले की नवे रचले जाते. रांग मोठी असेल तर थांबावे लागते. घाई असेल तर ‘पर्ज’ची आज्ञा देऊन एखादे पान हाताने ताजे करता येते.

या व्यवस्थेचे मला मोल वाटते ते छोट्या भाषिक समूहांसाठी. एका माणसाने एकदा घातलेले मराठी नाव ते वापरणाऱ्या प्रत्येक मराठी पानावर पोहोचते. चुकीचे नावही त्याच वाटेने तितक्याच दूर जाते, म्हणून जतन करण्यापूर्वी ते तपासलेच पाहिजे.

आणि ताजी प्रत म्हणजे ताजी माहिती नव्हे. बृहन्मुंबई महापालिका क्षेत्राची लोकसंख्या १,२४,४२,३७३ हा आकडा २०११च्या जनगणनेचा आहे. पान आज सकाळी नव्याने रचले गेले तरी आकडा २०११चाच राहतो. प्रत मूळ नोंदीशी जुळते की नाही, एवढेच यंत्रणा पाहू शकते. ती नोंद वस्तुस्थितीशी जुळते का, हे माणसालाच पाहावे लागते. त्यासाठी विकिडेटावर आकड्यासोबत वर्ष आणि संदर्भ लिहिण्याची सोय आहे. ती कधीही टाळू नये. पुढच्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ आहे. तिचे आकडे हाती येतील तेव्हा जुना आकडा पुसायचा नाही. त्याच्या शेजारी वर्ष आणि संदर्भासह नवा लिहायचा आणि त्याला प्राधान्य द्यायचे. पानांपर्यंत तो पोहोचवण्याचे काम यंत्रणा करील.