जळगावचा मे आणि जुनी जीप

जुनी महिंद्रा एमएम ५४० बाळगणाऱ्या मंडळींसाठी. बोनेटखाली प्यूजोचं २११२ सीसी डिझेल इंजिन, बाहेर ४५ अंश, त्यात रावेरकडून पालचा चढ. काटा वर सरकणारच!

माझी तापायला लागली तेव्हा मेकॅनिकने थेट नवा रेडिएटर सांगितला. टॉर्च लावून पाहिलं, तर जाळीत काळ्या मातीची धूळ आणि कपाशीचे तंतू नमद्यासारखे बसलेले. पाणी इंजिनच्या बाजूने पुढे मारायचं. समोरून मारलं की कचरा आणखी आत जातो. प्रेशर जपून, पत्र्या लगेच वाकतात. अर्ध्या तासात काम झालं.

फॅन बेल्टही दाबून पाहा, अर्ध्या इंचापेक्षा जास्त दबला तर ताणा. बोअरचं पाणी नको, क्षार बसतात. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं. थर्मोस्टॅट काढून फेकायचा सल्ला मला पटत नाही, धुळ्याच्या थंडीत त्याशिवाय इंजिन गरमच होत नाही.

गरम रेडिएटरचं झाकण मात्र उघडू नका, वाफ तोंडावर येते. आणि तापण्याला कंटाळून इंजिनच बदलायचं असेल तर आधी आरटीओची परवानगी घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ जुन्या जीपलाही लागू आहे.