पार्किन्सन्स : रात्री झोप मोडते, सकाळी अंग का आखडते?

कोडोली (ता. पन्हाळा) : वारणा खोऱ्यात दिवस उजाडण्याआधीच सुरू होतो. धार काढायची, डेअरीत दूध घालायचे. पार्किन्सन्सच्या रुग्णाला मात्र हीच वेळ सर्वांत जड जाते. कूस वळता येत नाही, पाय उचलत नाहीत. घरच्यांना तो आळस किंवा वयाचा परिणाम वाटतो. कारण अनेकदा गोळीच्या वेळेत असते.

पहाटे काय होते?
या आजारात मेंदूतील डोपामिन कमी पडते. ती उणीव लेव्होडोपा हे औषध भरून काढते. पण साध्या गोळीचा अंमल काही तासच टिकतो. रात्री ८ ला शेवटची गोळी आणि सकाळी ७ ला पुढची, म्हणजे मध्ये ११ तास. पहाटेपर्यंत औषध उतरलेले असते. अशा वेळी डॉक्टर गोळीच्या वेळा बदलतात किंवा झोपताना सावकाश विरघळणारी गोळी देतात. सकाळची पहिली गोळी पाण्यासह उशाशी ठेवावी. ती घेऊन अर्ध्या-पाऊण तासाने उठणे अनेकांना सोपे जाते.

गोळी दुधासोबत नको
दूधदुभत्याच्या या भागात हे पचनी पडणे कठीण! पण दुधातील प्रथिने शरीरात शोषले जाताना लेव्होडोपाशी स्पर्धा करतात आणि गोळीचा असर उशिरा किंवा कमी होतो. दूध बंद करायचे नाही. गोळी पाण्याबरोबर आधी, दूध साधारण अर्ध्या तासाने. खाजकुयलीच्या बियांतही नैसर्गिक लेव्होडोपा असते. त्यामुळे गोळ्या चालू असताना तिचे चूर्ण परस्पर घेऊ नये. गोळ्या अचानक बंद करणे तर धोक्याचेच.

झोपेत ओरडणे, लाथा मारणे
जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ च्या निबंधातच रुग्णांच्या मोडणाऱ्या झोपेची नोंद केली होती. तरीही तपासणीत बोलणे होते ते हात थरथरण्याचे. काही जण स्वप्नात जे घडते ते झोपेतच करू लागतात : ओरडतात, हात उगारतात, पलंगावरून पडतात. ही बाधा नव्हे. हे लक्षण कंप सुरू होण्याच्या कित्येक वर्षे आधीही दिसू शकते. मार शेजारी झोपलेल्या जोडीदाराला बसतो, आणि संकोचामुळे हे सांगितले जात नाही. ते सांगावे, त्यावर उपचार आहेत. तोवर अंथरूण जमिनीलगत घालावे आणि आसपास टोकदार वस्तू ठेवू नयेत.

रात्री लघवीला उठताना रक्तदाब एकदम घसरू शकतो. आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसावे, दिवा चालू ठेवावा. आठवडाभर गोळीची वेळ, जाग आल्याची वेळ आणि अंग मोकळे झाल्याची वेळ वहीत लिहून ती वही डॉक्टरांपुढे ठेवावी.