बरा झालाय, पण घरी नेणार कोण?

"एकदा येरवड्याला टाकला की माणूस संपला." आपल्याकडे हे किती सहज बोललं जातं! येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या मनोरुग्णालयांत वर्षानुवर्षं राहिलेल्या माणसांचं सगळ्यात मोठं नुकसान या समजुतीने केलं आहे, कारण ती खरी मानून नातेवाईक भेटायला यायचेच थांबतात.

स्किझोफ्रेनियासारखा आजार बरा होतच नाही, हे मत एके काळी डॉक्टरांचंही होतं. अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या सरकारी मनोरुग्णालयात अनेक वर्षं पडून असलेल्या २६९ रुग्णांना १९५०च्या दशकात पुनर्वसनाची जोड देऊन बाहेर आणलं गेलं. सरासरी ३२ वर्षांनी संशोधक कोर्टनी हार्डिंग यांच्या चमूने त्यांचा माग काढला. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, त्यांतले निम्मे ते दोन तृतीयांश लोक बरे झाले होते किंवा त्यांच्यात लक्षणीय सुधारणा झाली होती. आणि हे रुग्ण 'आशा सोडलेल्या' वॉर्डांतले होते.

बरं होणं म्हणजे औषध कायमचं सुटणं, असं मात्र नाही. काहींना अधूनमधून आवाज ऐकू येतात, तरी ते नोकरी करतात, स्वयंपाक करतात, भावाच्या मुलीच्या लग्नात मिरवतात. "या गोळ्यांची सवय लागते" म्हणून घरचे त्या परस्पर बंद करतात आणि महिन्या-दोन महिन्यांत आजार उलटतो. स्किझोफ्रेनियावरच्या मुख्य औषधांचं व्यसन लागत नाही. वजन वाढणं, हात थरथरणं, रक्तातली साखर वाढणं हे त्रास खरे आहेत. त्यांबद्दल डॉक्टरांशी बोलावं, डोस किंवा औषध बदलून घ्यावं. "लग्न लावून द्या, सुधारेल" हा सल्ला तर दोन आयुष्यं पणाला लावतो.

"इतकी वर्षं आत आहे, म्हणजे अजून बरा नसणार." हा समज मला सर्वांत क्रूर वाटतो. पत्ता चुकीचा दिलेला असतो, आईवडील वारलेले असतात, भावांना जमिनीत वाटेकरी नको असतो. नवऱ्याने सोडलेल्या बायकांची संख्या कमी नाही. या सगळ्याचा आजाराशी संबंध काय? २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम १९ स्पष्ट सांगतं: घर नाही, घरचे स्वीकारत नाहीत किंवा बाहेर सोय नाही, एवढ्याच कारणावरून कुणालाही रुग्णालयात ठेवता येत नाही. नातेवाइकांनी सही केली की कायमचं ठेवता येतं, हेही चूक. रुग्णाच्या संमतीविना केलेली भरती सुरुवातीला जास्तीत जास्त ३० दिवसांची असते; पुढे ठेवायचं तर दोन मनोविकारतज्ज्ञांची तपासणी आणि पुनरावलोकन मंडळाची परवानगी लागते.

सुटून आलेला माणूस गप्प बसून राहतो, आंघोळीलाही "जाऊ का?" विचारतो, ताटात वाढल्याशिवाय जेवत नाही. घरच्यांना वाटतं, आजार तसाच आहे. पण पंधरा वर्षं घंटेवर उठलेल्या, दुसऱ्याने दिलेले कपडे घातलेल्या, पैशाला हात न लावलेल्या कुणाचंही असंच होईल. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ रसेल बार्टन यांनी १९५९ मध्येच यावर पुस्तक लिहून दाखवलं होतं, की ही मरगळ बऱ्याच अंशी संस्थेतल्या जगण्याची देणगी असते. ती हळूहळू उतरते. आज कुठली भाजी करायची, हे त्यांना विचारा. कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आणायला पाठवा, सुटे पैसे मोजून घ्यायला वेळ लागला तर लागू द्या.

आणि घरच नसेल तर? चेन्नईच्या 'द बॅनियन' संस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेल्या 'होम अगेन' उपक्रमात चार-पाच जण साध्या वस्तीत भाड्याच्या घरात एकत्र राहतात, मदतीला एक कार्यकर्ती असते. रत्नागिरीतही हे काम झालं आहे. अशी घरं प्रत्येक जिल्ह्यात हवीत, आणि ती देणारे घरमालकही हवेत.

तुमच्या नात्यातलं कुणी मनोरुग्णालयात असेल, तर या महिन्यात जाऊन भेटा आणि डॉक्टरांना विचारा, "घरी नेता येईल का?" नेल्यावर अडचण आली तर 'टेली-मानस' या मदतवाहिनीच्या १४४१६ क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येतं.